भिंगरीची पाठ

ही गोष्ट घडलेली आहे. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर. खोटं मी आयुष्यात एकदाच बोलले, आणि ते याच गोष्टीत आहे.

जागा बेंगळुरूतली, एचएसआर लेआउट. गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. दुपारचे चार. रात्र नव्हती, लख्ख ऊन होतं.

शिवलीला माझ्या भावाची मुलगी. आम्ही तिला लीला म्हणतो. मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती पात्रं काढते. नव्या खेळाचं मुख्य पात्र तिच्याकडे आलं होतं. जाहिरातीत, पाटीवर, सगळीकडे जे झळकणार ते. नाव ठेवलं भिंगरी. अस्वलाच्या कानांची टोपी घालून, दप्तर घेऊन पळणारी मुलगी.

असलं पात्र आधी नुसतं काळ्या सावलीसारखं काढतात. नखाएवढं करून बघतात. तेवढ्यातही ओळखू आलं, तरच पुढे जायचं. मग मोजके रंग. मग पुढून, बाजूनं आणि पाठीमागून.

या खेळात पाठीला महत्त्व होतं. कारण खेळणारा सतत भिंगरीच्या मागे पळत असतो.

लीलानं पाठ एका बैठकीत काढली. डावा खांदा किंचित उतरलेला. एक वेणी घट्ट, दुसरी सुटत आलेली.

"सरी, ठीक आहे, हीच," तिचे साहेब शेषगिरी म्हणाले. "आता चेहरा."

चेहरा येईना.

एकवीस चेहरे परत आले. "पाठ जिवंत आहे आणि तोंड बाहुलीचं," शेषगिरी म्हणाले. "सोमवारपर्यंत बघ. नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

ती पाठ कुणाची, हे लीलाला ठाऊक होतं.

नयनाची. तिच्या थोरल्या बहिणीची.

दूधगंगेच्या काठी आमचं गाव. शाळेची वाट बांधावरून जायची, एका वेळी एकच माणूस चालेल इतकी अरुंद. नयना पुढे, लीला मागे. नयना अकराव्या वर्षी तापानं गेली, तेव्हा लीला सात वर्षांची होती. घरात एकच फोटो होता, तो पुराच्या पाण्यात विरघळला. पुढे आईवडीलही गेले.

लीलाला बहिणीची पाठ आठवायची. चेहरा नाही.

"आत्ती, मी तिला समोरून कधी पाहिलंच नाही का गं?" असं ती मला विचारायची.

त्या शनिवारी ऑफिसात दोघंच होते. लीला आणि पात्रांना हालचाल देणारा पुण्याचा अभिमन्यू. भिंगरीच्या चेहऱ्याच्या जागी अजून सपाट करडा रंग होता. खेळात आवाज घातलेलेच नव्हते.

लीलानं फोनवर खेळ चालू केला. अंगठा दाबून धरला. भिंगरी पळू लागली.

आणि... थांबली.

अंगठा दाबलेलाच होता.

"अभिमन्यू, थांबायची हालचाल टाकलीस का?"

"छे गं. पळणं आणि उडी, एवढंच केलंय. हँग झालं असेल. तुझा फोन पण ना, आजीबाईंचा आहे."

हँग झालेलं नव्हतं. भिंगरीचे खांदे वरखाली होत होते. धावून दमल्यासारखे.

मग... आवाज आला.

चट्. चट्. ओल्या मातीत रबरी चप्पल उचलावी तसा.

अभिमन्यूनं कानावरचे हेडफोन काढले. "हे कुठून येतंय?"

लीलाची नजर पडद्यावरच होती. कारण भिंगरीचा उजवा हात... हळूच मागे आला होता.

तळवा उघडा.

बांधावर निसरडं आलं की नयना असाच हात मागे करायची. वळून न बघता. लीलानं धरावा म्हणून.

हे लीलानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

अभिमन्यूनं आपल्या संगणकावर मूळ फाइल उघडली. तिथे हात खाली होता. यादीत हालचाली दोनच.

"लीला, हे मी केलेलं नाही," तो म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

आणि... भिंगरी वळली.

करडा रंग नव्हता. चेहरा होता.

"हा कधी काढलास?" अभिमन्यूनं विचारलं. म्हणजे त्यालाही दिसला होता.

लीलानं पडद्याचा फोटो काढून पाहिला. फोटोत करडाच रंग.

तिनं खेळ बंद केला नाही. तशीच खाली उतरली, ऑटो केली आणि यशवंतपूरला माझ्याकडे आली. सगळ्या वाटेत तिनं पडदा विझू दिला नाही.

"आत्ती, तू तिला पाहिलंयस. सांग, हीच का?"

मी चष्मा लावला.

हनुवटीवर खोक. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. त्या पोरीला मी न्हाऊ घातलं होतं. शेवटचंसुद्धा.

नयनाच होती.

पण वळल्यावरही तिनं हात खाली घेतला नव्हता. उघडा तळवा आता लीलाकडे होता. आणि लीलाचा अंगठा त्या तळव्याकडे सरकत होता... तिला ते कळतही नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "ही नयना नव्हे. आपली नयना गोल तोंडाची. नाक बसकं."

"नक्की?"

"माझी आठवण कधी चुकली आहे का?"

अंगठा थांबला. पडदा विझला. पुन्हा लावला तेव्हा करडा रंग होता.

मी सांगितलं तसा गोल चेहरा लीलानं रविवारी काढला. शेषगिरींनी सोमवारी तो एका नजरेत पसंत केला. आज भिंगरी लोकांच्या फोनवर त्याच तोंडानं पळते.

लीलानं त्या चेहऱ्याचं चित्र चौकटीत लावलं. त्याला हार घातला.

"आता मला आठवतं, आत्ती," ती परवा म्हणाली. "नयना अशीच होती."

तिला खरं सांगावं, असं मला वाटलं. निदान त्या मुलीचं तोंड तरी नीट सांगावं. मी डोळे मिटले.

खोक आठवली. दात आठवला. ते नुसते शब्द होते. चेहरा... आला नाही.

रोज बसते. रोज डोळे मिटते. बांध दिसतो, त्यावरून पुढे पुढे जाणारी ती पाठ दिसते.

मी हाक मारते.

ती थांबत नाही.