दगूच्या कपाळावरचा काटा

छबूबाई लोणखेड्याहून धुळ्याला आली. देवऱ्यांच्या ओसरीवर बसली, पुढे ठेवलेल्या पाण्याला तिने हात लावला नाही आणि एकदम म्हणाली,

“दादा, मन्ही आंडेरनं नाक कोनी नासाडं, ते माले सांगा.”

मनोहर देवरे पूर्वी पोलिसात होते. वरच्या साहेबाशी पटेना, तेव्हा नोकरी सोडून ते लोकांची अडलेली कोडी सोडवू लागले. सोबतीला दोधू वकील. वकिलांची वकिली कधी चालली नाही, त्यामुळे हिंडायला त्यांना वेळच वेळ असे.

“मुलीचं नाक?” वकील म्हणाले. “कापलं कुणी?”

“कापं ते जावईनी. तो तुरुंगमा शे. मी नवा नाकनं सांगी ऱ्हायनी.”

हकीकत अशी. छबूबाईची एकुलती मुलगी दगू. नवऱ्याने संशयापायी वस्तऱ्याने तिचं नाक उतरवलं आणि तो शिक्षा भोगायला गेला. दगूची लहानगी तापी आजीकडे, म्हणजे दगूच्या सासूकडे राहिली. पुढे एकदा दगू मुलीला भेटायला गेली. त्या पोरीने आईचं तोंड पाहिलं, किंकाळी फोडली आणि आजीच्या लुगड्यात शिरली. ती काही केल्या बाहेर येईना. दगू आल्या पावली परतली आणि त्या दिवसापासून जेवेनाशी झाली.

शहाद्याला डॉक्टर रांगणेकरांचा दवाखाना होता. कपाळाच्या कातड्याचं नवं नाक करतात, असं ऐकून छबूबाईने लेकीला तिथे नेलं. नाक झालंही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तापी येणार, आईचं नवं तोंड पाहणार, असं ठरलं. आणि मधेच ते नाक काळं पडून झडलं.

“तिन्ही सासूनी करं,” छबूबाई म्हणाली. “फौजदार बी तेच म्हनस. पन माले नक्की पाहिजे. नक्की कयनं म्हंजे मी तिन्हा दारशी जाई तिले इचारसू.”

देवरे उठले. “चला वकील, शहाद्याला.”

डॉक्टर रांगणेकर कित्येक रात्री झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी देवऱ्यांना पाटीवर आकृती काढून दाखवली.

“कपाळावरचं कातडं पानासारखं सोडवायचं, खाली फिरवायचं आणि नाकाच्या जागी शिवायचं. भुवयांच्या मधे त्या पानाचा देठ राखायचा. रक्त, नसा, सगळं त्या देठातून येतं. नाक खाली रुजलं की मग देठ कापायचा. पहिले अकरा दिवस इतके सुरेख गेले! गुलाबी नाक. मग ताप चढला, पट्टी सोडली, तर आत पू. दोन दिवसांत सगळं काळं.”

“कपाळाची जखम?”

“ती स्वच्छ. आजही स्वच्छ आहे. पू फक्त नाकात.”

“पुन्हा करता येईल?”

डॉक्टरांनी पाटी पुसली. “माणसाला कपाळ एकच असतं, देवरे. तिचं वापरून झालं. दंडाच्या कातड्याने मी प्रयत्न केला असता, पण तिच्या अंगात आता ती ताकद नाही. मी तिला खोटी आशा देणार नाही.”

वकिलांनी खिशातून रुमाल काढला. हा माणूस कोर्टात कोरडा आणि बाहेर फार लवकर ओला होई.

दगू खाटेवर पदराने तोंड झाकून बसली होती. श्वास फुसफुसत होता. तिने हळूहळू सांगितलं.

“गुंगीनं औषध दियेल व्हतं. भर दुपार. डोयावर वल्ली पट्टी. कपायमा काटा टोचना, असं वाटनं. हात उचलाना बी जोर नव्हता. जागी व्हयनी तवय मायले सांगं.”

“डॉक्टरांना नाही सांगितलं?”

“मायनी फौजदारले सांगं. मंग तोच इचारे.”

“नेमकं कुठे टोचलं? बोट लावा.”

दगूने पदराखालून हात काढला आणि कपाळावर अगदी वर, केसांजवळ, उजव्या अंगाला बोट टेकवलं.

“तिथे तर पट्टी होती,” वकील म्हणाले.

“हो. आणि पट्टीला भोक नव्हतं, नाहीतर डॉक्टरांनी पाहिलं असतं,” देवरे म्हणाले.

फौजदारांनी सासूला, भिकुबाईला, पडवीत बसवून ठेवलं होतं. त्यांचं मत पक्कं होतं. दगूला काटा टोचला त्याच दिवशी म्हातारीने सकाळी येऊन सुनेच्या कपाळावर अंगारा लावला, त्यात काहीतरी जहाल होतं. सून बरी झाली तर नात घेऊन जाईल, म्हणून. संध्याकाळपर्यंत बाई कोठडीत जाणार होती.

“चार दिवस सासूचे म्हणतात ते हेच!” वकील पुटपुटले.

भिकुबाईने मान वर केली नाही. “अंगारा लायना, खोटं कसाले बोलू? पट्टीवर लायना, पायले लायना. सकायले लायना, तवय ती मन्हासंगे बोलनी बी. मन्हा पोरनी तिन्हं नाक कापं, दादा. मी कोनता तोंडवरी आजून वंगाळ करसू? तापीले मी सांगेल व्हतं, आखाजीले तुले नवी नाकनी माय दखाडसू.”

“दुपारी तुम्ही इथे होता?”

“नही. तापी घरमा येकली व्हती. मी लगेच गई.”

“ही सुटली नाही तर तापीला कोण बघेल?” देवऱ्यांनी फौजदारांना विचारलं.

फौजदारांनी टोपी नीट केली. तो त्यांचा विषय नव्हता.

नर्स एस्तेरबाई पट्ट्या उकळत होत्या. त्या रागावलेल्या होत्या, कारण सगळे आधी त्यांच्याकडेच बघत.

“माझे हात स्वच्छ होते. पट्टी मी दिवसाआड बदलते. ती उघडली तर नाकाच्या डाव्या अंगावर पिवळा डाग. पू, दुसरं काय? आत सुताचा धागा चिकटला होता, तोही पिवळा. पट्टीचाच सुटला असणार. सगळं शेगडीत घातलं.”

“अंगाऱ्याची राख?”

“नाकावर नव्हती. कपाळाच्या पट्टीवर, बाहेरून, होती थोडी.”

“म्हणजे सासूने वरून लावलं आणि औषध खाली उतरलं,” वकील उत्साहाने म्हणाले. “उतार आहेच.”

“उतार आहे, वकीलसाहेब. पण उतरताना ते कपाळ सोडून कसं गेलं?”

पलीकडच्या खाटेवर तोरणमाळची कालीबाई होती. मोहाची फुलं वेचताना अस्वलाने तिचं नाक ओरबाडून नेलं होतं. डॉक्टरांनी तिलाही कपाळाचं नाक केलं होतं. तिचा देठ अजून कापायचा होता. ती घरी पावरी ही आदिवासी बोली बोले, इथे मोडकं मराठी.

“माय आली त्या दिवशी,” तिने सांगितलं. “घुगऱ्या दिल्या. सगळ्यांना दिल्या. मला गूळ बी दिला. मग पोरगी झोपली. माय जवळ बसली.”

“दुपारी आणखी कोण आलं?”

“कोणी नाही. ऊन फार.”

बोलता बोलता तिच्या नव्या नाकावर माशी बसली. कालीबाईने वैतागून केसांजवळच्या पट्टीवर चापट मारली. माशी जागची हलली नाही. तिने पुन्हा तिथेच चापट मारली.

वकिलांना हसू आवरेना. “अहो बाई, माशी खाली बसलीय, खाली!”

देवरे हसले नाहीत. ते कालीबाईच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. वकिलांनी तो चेहरा पूर्वी पाहिला होता. कोडं सुटलं की तो उजळायचा. आज तसं झालं नाही.

बाहेर लिंबाखाली आल्यावर देवऱ्यांनी सगळं सांगितलं. वकिलांनी त्यांचा हात धरला.

“नका सांगू हो,” ते म्हणाले. “आपोआप पिकलं म्हणा. उन्हाळा आहे, पिकतं.”

“मीही तोच विचार केला. पण फौजदार संध्याकाळी म्हातारीला घेऊन जातील. मग तापीला ना आई ना आजी.”

“आणि सांगितलंत तर?”

देवरे आत गेले.

सगळे दगूच्या खाटेभोवती जमले. छबूबाई भिकुबाईकडे जळजळीत बघत होती. देवरे तिला म्हणाले, “बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“कसाले? मी बलायं तुमले. मी आठेच बठसू.”

देवऱ्यांनी एक कोंबडीचं पीस घेतलं. कालीबाईला डोळे मिटायला सांगितले. मग पिसाचं टोक तिच्या नव्या नाकाच्या डाव्या अंगाला लावलं.

“कुठे लागतंय?”

कालीबाईने कपाळावर बोट ठेवलं. वर, केसांजवळ, उजव्या बाजूला. दगूने दाखवली होती तीच जागा.

फौजदार पुढे वाकले. “हे काय गौडबंगाल?”

“गौडबंगाल नाही. डॉक्टर, तुम्हीच सांगा.”

डॉक्टरांनी कालीबाईच्या भुवयांमधला देठ दाखवला. “नसा देठातून येतात. त्या अजून कपाळाच्याच आहेत. नाकाला लागलं की मेंदूला वाटतं, कपाळाला लागलं. कातडं फिरवल्यामुळे उजवं डावं होतं. टोचल्याचं मला कुणी बोललं नाही हो! मला फौजदारांनी नुसतं अंगाऱ्याचं विचारलं.”

“म्हणजे दगूच्या कपाळाला कुणी हात लावला नाही,” देवरे म्हणाले. “म्हणून कपाळ स्वच्छ राहिलं. टोचलं ते नाकाला, डाव्या नाकपुडीला. अंगारा सकाळी, दगू जागी असताना, पट्टीवरून लागला. तो खाली उतरला असता तर राख नाकावर दिसली असती. नाकावर दिसलं ते पिवळं. एस्तेरबाईंना तो पू वाटला. पण पू सूत रंगवत नाही. हळद रंगवते. हळद, तेल आणि सुताचा धागा बाईच्या डाव्या नाकपुडीत कशासाठी घालतात?”

एस्तेरबाईंनी तोंडावर हात ठेवला.

“राहिल्या घुगऱ्या. वकीलसाहेब, घुगऱ्या कधी वाटतात?”

“बारशाला,” वकील खाली बघत म्हणाले.

“बारशाला. बाराव्या दिवशी. त्याच दिवशी लेकराचे कान टोचतात, नाक टोचतात. दवाखान्यात लेकरू नव्हतं. पण अकरा दिवस सुरेख गेलेलं एक नवं नाक होतं. त्या दिवशी त्याला बारावा दिवस होता.”

सगळ्यांनी छबूबाईकडे पाहिलं. ती मात्र गोंधळली होती, घाबरलेली नव्हती.

“हा, नाकवरनी पट्टी सरकाईसन टोचं मी,” ती म्हणाली. “त्यामा काय व्हयनं? तान्हं नाक व्हतं. कवळं शे तवयच टोचतस ना? मी धाकली व्हतू तवय मन्ही मायनी मन्हं असंच टोचं. डाक्टर हात लावू देत नही, म्हनीसन कोनले सांगं नही. उघडं नाक रांडमुंडनं ऱ्हास, दादा. आखाजीले तापी ई, मायना नाकमा फुली दखी, तिले बरं वाटी. दगू हू का चू करनी नही, इतला हलका हात मन्हा. नाकनं ती काहीच बोलनी नही. ती बोलनी कपायनं. कपायले ते कोनी दुसरंच...”

ती थांबली.

तिची नजर कालीबाईच्या कपाळावर गेली, पिसावर गेली, लेकीच्या पदरावर गेली. हे पाहणं फार कठीण होतं. फौजदारदेखील भिंतीकडे वळले आणि थोड्या वेळाने भिकुबाईला म्हणाले, “आजी, तुम्ही घरी जा.”

भिकुबाई गेली नाही. ती विहिणीजवळ येऊन जमिनीवर बसली.

“माय,” दगू पदराआडून म्हणाली. “तुन्हा हात शे, हाई माले कयनं नही वं. कयतं ते मी डाक्टरले सांगतू, धुईसन काढतू. तू रडू नको.”

छबूबाई रडत नव्हतीच. ती उठून डॉक्टरांसमोर गेली. तिने डोईवरचा पदर मागे सारला, कपाळावरचं कुंकू हाताने पुसलं आणि कपाळ त्यांच्यापुढे केलं.

“हाई ल्या. मन्हं कपाय ल्या. आताच कापा, गुंगी बी नको. मन्ही पोरले नाक करी द्या.”

डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात धरले. “होत नाही, बाई. दुसऱ्याचं कातडं अंगाला लागत नाही. कुणाचंच लागत नाही.”

“दुसरानं?” छबूबाईने विचारलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं. “मी दुसरी कशी व्हसू, डाक्टर? मी तिन्ही माय शे ना.”

डॉक्टर तिच्या कपाळाकडे बघत राहिले.