पावलाला दिलेला सूर

दुरुस्तीवाल्याने जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट दिव्याखाली धरली, तिच्या तोंडात फुंकर मारली आणि ती परत दिली.

"मशीन ठणठणीत आहे. तुमच्या-माझ्याहून धडधाकट. पण कॅसेटमधला सेल शेवटच्या घटका मोजतोय बघा. तो बदलला की आत साठवलेला खेळ पुसला जाणार. आज घरी लावून डोळे भरून बघून घ्या, उद्या आणून द्या."

"पुसला गेला तरी चालेल," ती म्हणाली. हे वाक्य तिने रस्ताभर घोकलं होतं, त्यामुळे ते जरा जास्तच खणखणीत निघालं.

ती शाळेत गाणं शिकवायची. त्या खेळातल्या गावाची धून मुलांकडून बसवून घ्यायची आहे, म्हणून मशीन दुरुस्तीला दिलं, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण आई होती. दादा जाऊन आता इतकी वर्षं झाली होती की ती, त्याची धाकटी बहीण, वयाने त्याच्या दुप्पट झाली होती. कोपऱ्यापर्यंत जायला म्हणून निघाला आणि ट्रकखाली आला. त्याचं घड्याळ परत मिळालं, पाकीट मिळालं, एक चप्पल मिळाली. घराची किल्ली तेवढी मिळाली नाही. तेव्हापासून आईने दाराचं कुलूप बदलू दिलं नव्हतं, की हे घर सोडून लेकीकडे राहायला येण्याचं मनावर घेतलं नव्हतं. "घरात कुणीतरी असायला हवं," एवढंच म्हणायची. आणि गेल्या आठवड्यात अचानक तीच म्हणाली, "त्याची ती कॅसेट एकदाची पुसून टाक. मग बघू कुलपाचं." आईने शब्द फिरवायच्या आत हे उरकायचं, असं लेकीने ठरवलं होतं.

दुपारी आईच्या घरी तिने मशीन टीव्हीला जोडलं. सवयीने दाराला आतून साखळी लावली. आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. पडदा उजळला आणि साठवलेल्या खेळाखाली नायकाचं नाव आलं. तिला हसू फुटलं.

ते नाव हा त्या घरातला जुना विनोद होता. खेळात नायकाला नाव द्यायचं असे, इंग्रजी अक्षरांत, तेही चारच. दादाने मोठ्या मनाने ते काम तिच्यावर सोपवलं. ती लहान होती, नुकतीच अक्षरं जुळवायला शिकलेली. "काय लिहू?" तिने विचारलं आणि तेवढ्यात मित्राची हाक आली म्हणून दादा उठला. "येतो," म्हणाला. तिने आज्ञाधारकपणे तेच लिहिलं. वाय, ई, टी, ओ. नाव बदलता येत नव्हतं. मग त्या खेळातला राजा, दुकानदार, खाणावळीची मालकीण, सगळे त्या शूर नायकाला येतो म्हणूनच हाक मारू लागले. दादा आधी भडकला, मग पोट धरून हसला. घरातही त्याचं तेच नाव पडलं. जाताना त्याने दारातून दिलेला शेवटचा शब्दही अर्थात तोच होता. तो सगळेच म्हणतात.

खेळ सुरू झाला. नायक खाणावळीच्या दाराशी उभा होता, दादाने ठेवला होता तिथेच. आणि गावाची धून लागली.

त्या जुन्या मशीनला मोजकेच आवाज काढता यायचे. चार माणसांच्या घरात तीन खुर्च्या असाव्यात तसा प्रकार. नायकाने पाऊल टाकलं, तलवार उपसली, कुलपात किल्ली फिरवली, की त्या आवाजासाठी धुनेतला एक सूर क्षणभर उठून जागा द्यायचा. वरचा सूर गळायचा, खालचे चालू राहायचे. एरवी खेळाच्या रिमोटला हात लावायची परवानगी नसलेल्या बहिणीने त्यात आपलं काम शोधलं होतं. दादा नायकाला चालवायचा आणि ती गळालेला सूर गुणगुणून भरून काढायची. पुढे ती गाण्याकडे वळली ती त्यामुळेच, असं तिला नेहमी वाटायचं.

तिने रिमोट टेबलावर ठेवला आणि ऐकत बसली. साधी धून, पण अशी की ऐकताना कुणाची तरी वाट पाहावीशी वाटे.

दुसऱ्या फेरीला वरचा सूर गळाला. परत आला. पुन्हा गळाला.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "वरचा सूर मधेच जातोय हो."

"माणूस चालत असेल तुमचा. पावलाला जागा देतो तो सूर."

"नाही चालत. उभा आहे. रिमोट टेबलावर आहे."

"बरं, सूर जातो तेव्हा पावलाचा आवाज येतो का?"

तिने कान दिला. "नाही… नुसती जागा रिकामी राहते."

"मग असं व्हायला नको," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली नेहमीची थट्टा कुठे गेली कोण जाणे. "बंद करा ते."

पण ती ऐकत राहिली. आता त्या गळण्याला एक चाल होती. भराभर काही गळती, मग सूर अखंड, जरा वेळाने पुन्हा भराभर. ही चाल तिच्या ओळखीची होती. या इमारतीच्या जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करत चढायच्या आणि प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबायचं. असं एकच जण चढायचा.

आई हात पुसत दारात आली होती. "कितव्या मजल्यावर आलाय?"

"आई… कोण?"

"मला नेहमी खाली जिन्याशीच त्याच्या पावलांचा भास व्हायचा. म्हटलं, कान वाजतात, वय झालं, त्या कॅसेटमध्ये जीव अडकलाय. म्हणून तर पुसून टाक म्हणाले." आईचे डोळे भरून आले होते, पण ती घाबरली नव्हती. "आज वर येतोय, नाही का?"

तिने मशीनचं बटण बंद केलं. घाईने उपसताना कॅसेट खाली पडली. पडदा काळा झाला. घरात धून नाही, काही नाही. जिन्यातही चिटपाखरू नव्हतं. तिला दादाची भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाज वाटत होती. लहानपणी अंधाराला घाबरली की करायची तेच ती नकळत करू लागली. तोच वरचा सूर गुणगुणू लागली.

तिचा सूर गळाला.

श्वास संपला नव्हता, हुंदकाही आला नव्हता. घशातून आवाज क्षणभर नुसता निघून गेला आणि परत आला. मग पुन्हा गेला. भराभर. ओठ मिटून घ्यावेत असं मनात येऊनही तिला थांबता येईना.

आईने शांतपणे दाराची साखळी काढली.

"आई, राहू दे गं ती…" हे ती मनातच म्हणाली. गळ्यातून निघत होती ती फक्त धून. आणि ती आता अखंड झाली होती. एकही गळती नाही.

आईने वळून विचारलं, "चालणं थांबलं का गं त्याचं?"

तिने मान हलवली. हो. थांबलं होतं. जिथे जायचं तिथे पोचल्यावर माणूस थांबतो, तसं.

बेल वाजली नाही. दोघी बंद दाराकडे बघत उभ्या राहिल्या. तिच्या गळ्यातली धून एक पूर्ण फेरी घेऊन पहिल्या स्वरावर आली आणि तिथे सूर पुन्हा एकदा गळाला. अगदी थोडा वेळ. पाऊल टाकायला लागतो त्याहून कमी. कुलपात किल्ली फिरवायला लागतो तेवढाच.