भागीची भिंत

कर्जतहून खालापूरकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी बंगल्यांची नवी वसाहत लागते. तिच्या फाटकालगतच संग्रहालय आहे. खाली आदिवासी कला, वरच्या मजल्यावर तालुक्याचा इतिहास. सुरेखा कर्जतच्या एका दवाखान्यात नर्स होती. सुट्टी मिळायची मारामार. पण आईनं, भागीनं, एकच धोशा लावला होता: मला माझी भिंत बघायची हाय. शेवटी एका मंगळवारी ती आईला घेऊन गेली.

भिंत खरोखरच भागीची होती. बंगले उभे राहिले त्या जागी आधी त्यांची पळसवाडी होती. जमीन गेली आणि वाडी पांगली. कुणी नेरळला वॉचमन झालं, कुणी माथेरानला हातरिक्षा ओढायला लागलं. घरं पाडताना बंगलेवाल्यांपैकी कुणाला तरी भागीच्या घरातली कुडाची भिंत आवडली. धाकट्या मुलाच्या, नामाच्या लग्नात भागीनं त्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्र काढलं होतं: मधे ढोलवाला, भोवती नाचणारी सगळी वाडी, आणि बाशिंग बांधलेला नामा. भिंत अख्खी कापून नेली. पुढं नामा दारूत गेला. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. भागीला भिंत बघायची होती ती एवढ्यासाठी.

संग्रहालयाचं काम बघणाऱ्या श्रद्धानं त्यांना आपुलकीनं आत नेलं. दालनात एसीचा गारठा होता, तरी ओल्या शेणाचा वास येत होता, नुकतंच कुणी सारवल्यासारखा. भिंत काचेमागे होती. खाली पाटी: 'लुप्त झालेल्या वस्तीतील चित्र. कलाकार अज्ञात.'

सुरेखानं पाटी वाचली, पण आईला वाचून दाखवली नाही.

भागी बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्ये मी नाय काढलं."

आईचा मोतीबिंदू पिकलाय, असं सुरेखाच्या मनात आलं. मग तिनं स्वतः नीट पाहिलं.

फेर नव्हता. सगळी माणसं एका रांगेत, उजव्या कडेकडे तोंड करून चालली होती. बायकांच्या डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. ढोलवाल्यानं ढोल पाठीला बांधला होता. सगळ्यात मागं एक वाकड्या पायाची मुलगी होती. तिला सुरेखानं ओळखलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती आकृती सुरेखानंच काडीनं काढली होती, आणि पाय वाकडा आला म्हणून आईची बोलणी खाल्ली होती. तेव्हा ती मुलगी ढोलवाल्याच्या शेजारी होती.

भिंत बसवली त्या दिवसाचा फोटो श्रद्धानं मोबाईलवर शोधून काढला. फोटोत फेर होता. तिनं दोनदा फोटोकडे, दोनदा भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, की ओल आली असावी, रेषा ओघळल्या असाव्यात, मुंबईहून तज्ज्ञ बोलवावा लागेल. सुरेखालाही ते पटवून घ्यायचं होतं. पण ओघळ खाली येतो. तो बोचकं उचलून डोक्यावर घेत नाही.

भागी मात्र नामाला शोधत होती. तो रांगेत सर्वांत पुढं सापडला, बाशिंगासकट. त्याच्यापुढं नुसती कोरी माती होती.

भागीनं श्रद्धाकडे वाटीभर तांदळाचं पीठ मागितलं. कुठं जातील ती, म्हणाली, कडेला एक घर काढून देते.

श्रद्धा समजुतीच्या सुरात म्हणाली, "मावशी, याला आता हात लावता येत नाही. हा वारसा आहे."

"कुणाचा गं?" भागीनं विचारलं.

सुरेखानं आईचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं.

त्या आठवड्यातच, सुरेखा रात्रपाळी करून घरी होती, तेव्हा दुपारी श्रद्धाचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. काचेच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं आहे, कॅमेऱ्यात कुणी आलेलं दिसत नाही, तुम्ही पुन्हा आला नव्हता ना, असं तिनं विचारलं. सुरेखा नाही म्हणाली. मग श्रद्धानं फोटो पाठवला.

भिंत कोरी होती. उजव्या कडेची माती तेवढी, पुष्कळ पायांनी तुडवल्यासारखी झिजली होती.

आणि मधोमध दोन आकृत्या होत्या.

सुरेखानं फोटो मोठा केला. एक म्हातारी, खाली बसून सुपात काहीतरी निवडत होती. दुसरी बाई तिच्याशेजारी उभी, हातातल्या चौकोनी वस्तूवर वाकलेली. वाडीतल्या चित्रांत माणसांना कधी चेहरे काढत नसत.

या दोघींना चेहरे होते.

भागी उंबऱ्याशी बसून सुपातले तांदूळ निवडत होती. तिनं हात पुढं केला, तशी सुरेखानं तिला मोबाईल दिला. भागीनं तो डोळ्यांजवळ नेला.

"नामा गेला," ती म्हणाली. "समदी गेली. आपल्याला ठिवून गेली."

सुरेखाला घरात गुदमरल्यासारखं झालं. दार उघडंच होतं. बाहेर ऊन होतं, गल्लीत कुणाचे तरी कपडे वाळत होते. ती उंबरा ओलांडायला गेली आणि थांबली.

पुढं केलेल्या तिच्या बोटांना काहीतरी लागलं. गार, गुळगुळीत.