खालचा उजेड

शिवाजीचा तो दिवस तसा साधाच सुरू झाला. सालवडच्या चाळीतून सकाळी आठला निघायचं, स्कूटरवर पायाशी दोन दिवे, मागे बायको, तिच्या मांडीवर जेवणाचा डबा, आणि दहा-पंधरा मिनिटांत कुंभवली. एवढाच प्रवास. रूपालीला शूटिंग बघायचं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली, नवरा सिनेमाचा लाईटमन, आणि हिनं शूटिंग म्हणतात ते काय, कधी डोळ्यांनी बघितलेलं नाही! "घरात उजेडवाला असून आम्ही आपले अंधारात," असं ती चेष्टेनं म्हणायची. ती कारखान्यात पॅकिंगला होती, त्या दिवशी कारखान्याला सुट्टी. पाच वर्षांच्या दीपाला शेजारच्या कमळीकडे सोपवलं आणि दोघं निघाली.

शूटिंग होतं एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा, आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख. विनोदनं सगळ्या खिडक्या, सगळ्या फटी काळ्या कापडानं बुजवल्या होत्या. काळोखाला रात्रच लागते असं तुम्हाला वाटतं ना? सिनेमावाले तो दिवसाढवळ्या करतात. त्या काळोखात जुन्या रसायनाचा आंबूस वास भरून राहिलेला, घशात चिकटणारा. रूपालीनं पदर नाकाला लावला.

विनोद हा पालघरचा. दिग्दर्शकही तोच, कॅमेरामनही तोच. त्याच्या सिनेमात दोन जुळ्या बहिणी, एक वनदेवी आणि एक काळदेवी. दोन्ही कामं मोनाली नावाची एकच नटी करणार.

"तोंड एकच, लुगडं एकच," विनोद रूपालीला हौसेनं समजावत होता. "मग वहिनी, देवी कुठली आणि राक्षसीण कुठली, हे लोकांना कोण सांगणार? आम्ही तिघं, दिवा, कॅमेरा आणि आवाज. वरून, मागून पिवळा उजेड टाकला, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत ठेवला, की झाली देवी. तोच दिवा जमिनीवर ठेवा, कॅमेरा जमिनीला टेकवा, म्हणजे ती माडासारखी उंच दिसते. नाकाची सावली कपाळावर चढते. की झाली राक्षसीण!"

"आणि आवाज माझा," ध्वनिमुद्रण करणारी जागृती म्हणाली. "वाईट माणूस आला की खाली एक घुं... असा सूर लावायचा. कानाला कळत नाही, पोटाला कळतो."

"अगं बाई," रूपाली म्हणाली, "म्हणजे बिचारीनं काही न करताच ती वाईट?"

सगळे हसले. शिवाजीही हसला. पुढे कितीतरी दिवस त्याला ते हसू आठवायचं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

मोनालीची गाडी वाटेत अडकली होती, ती बारापर्यंत येणार नव्हती. विनोदला धीर कुठला! "शिवाजीभाऊ, तोवर वहिनींना उभं करा ना फुलीवर. लाईट बघून घेऊ." जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारलेली असते, नट तिथं उभा राहतो. नट नसला की दुसरं कुणीतरी. यात वावगं काही नाही. रूपाली तर लहान पोरीसारखी खूश झाली, केसबिस नीट करून उभी राहिली.

आता इथं चूक झाली, ती नीट ऐका. लाईटमन लोकांत एक रीत असते. दिवसाचा पहिला दिवा लागला की सगळ्यांनी हातातलं काम सोडून त्याला हात जोडायचे, जसे आपण तिन्हीसांजेला देवापुढच्या दिव्याला जोडतो तसे. आणि शिवाजीच्या उस्तादानं त्याला बजावून ठेवलं होतं, की पहिला दिवा नेहमी वरचा लावायचा. खालचा कधीही नाही. का, ते उस्तादानं सांगितलं नव्हतं. यानंही विचारलं नाही. पंधरा वर्षं इमानानं पाळलं, आणि त्या दिवशी विनोदच्या घाईपायी, 'आधी काळदेवी बघू, आधी काळदेवी' या त्याच्या कटकटीपायी, शिवाजीनं पहिला दिवा लावला तो जमिनीवरचा. हिरवा कागद लावलेला.

सवयीनं सगळ्यांचे हात जोडले गेले. विनोदचे, जागृतीचे, त्याचे स्वतःचे. फुलीवर उभ्या रूपालीनंही जोडले. या सगळ्यांनी नुसती रीत केली हो. तिनं मात्र डोळे मिटले, मान वाकवली आणि मनापासून नमस्कार केला. तिनं काय मागितलं असेल? दुसरं काय मागणार, लेकीचं बरं होऊ दे, एवढंच.

तिनं मान वर केली, आणि विनोद कॅमेऱ्यावर वाकला.

"बाप रे..." तो कुजबुजला. "वहिनी, हलू नका. अशाच... अशाच राहा."

शिवाजीनं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघितलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपली बायको आहे, पाच फुटांची, गालावर खळी पडणारी, हे त्याला स्वतःला समजावावं लागलं. जागृतीनं शांततेचं एक मिनिट मुद्रित केलं. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते म्हणे, ती घेऊन ठेवतात. मिनिट संपल्यावर तिनं कानावरचे हेडफोन काढून झटकले. "कुठली वायर घुमतेय का दादा? घुं... असं येतंय. मी तर अजून काही लावलंच नाही."

वायरी सगळ्या ठीक होत्या.

बाराला मोनाली आली. रूपाली फुलीवरून उतरली, मोनाली चढली. दिवा तोच, कागद तोच, कॅमेरा तिथंच. पण मोनालीच्या चेहऱ्यावर उजेडच पडेना. दिवा जळत होता, जमिनीवर हिरवा डाग दिसत होता, आणि बाईचं तोंड कोरंच्या कोरं. विनोद चिडला, शिवाजीनं दिवा बदलला, दुसरा लावला, तिसरा लावला. शेवटी वैतागून दुपारीच सगळं आवरलं.

बाहेर आले. सूर्य थेट डोक्यावर. शिवाजी स्कूटर काढत होता, रूपाली हसत काहीतरी बोलत होती. त्यानं वळून बघितलं. उन्हात उभ्या रूपालीच्या नाकाची सावली तिच्या कपाळावर चढलेली होती.

चाळीत पोचले तेव्हा दीपा कमळीच्या अंगणात खेळत होती. "आई आली!" म्हणून ती धावली आणि अर्ध्यातच थबकली. मग तिनं अशी किंकाळी फोडली की चाळीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

त्या दिवसापासून उजेड कुठलाही असो, ट्यूबचा, खिडकीचा, गॅसचा, नाहीतर भर उन्हाचा, रूपालीच्या तोंडावर तो खालूनच पडायचा. ती भाकरी वाढायला खाली वाकली तरी शिवाजीला वाटायचं, आपण जमिनीवर पडलोय आणि ती उंचावरून बघतेय. ती जवळ आली की पोटात काहीतरी घुमायचं. बाकी तिच्यात तिळाएवढा फरक नव्हता हो! तीच माया, तेच 'अहो, दोन घास जास्त घ्या.' आणि त्या मायेच्या शब्दांनीच शिवाजी ताट सरकवून उठायचा.

सगळ्यात वाईट काय, तर आरशात तिला स्वतःला काहीच वेगळं दिसत नव्हतं. ती आरशापुढे तासन् तास उभी राहायची.

"मी आहे तशीच आहे की हो," ती म्हणायची. "काय दिसतंय तुम्हाला? सांगा तरी..."

त्यानं नजर चुकवली. तिला तेही दिसलं.

कारखान्यात पॅकिंगच्या बायका तिच्या शेजारी बसेनात. सुपरवायझरनं चार दिवसांत 'आता काम कमी आहे' असं सांगितलं. कमळी म्हणजे आपल्या डोंगरातल्या गावाहून येताना आठवणीनं तिच्यासाठी रानभाजी आणणारी बाई, तीही दारात येईनाशी झाली. शिवाजीनं तिला नळावर गाठलं.

"भाऊ, रूपाली चांगली हाय, मला काय ठाव नाय?" कमळीच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझा पोर तापानं फणफणला तवा रातभर तीच बसली. पन आता तिच्याकडं बघवत नाय. मन मानत नाय, भाऊ. आमी गरीब मानसं, आमाला पोरं हायत."

हे सगळं रूपालीनं सोसलं. पण दीपा जवळ येईना, ते सोसवेना. पोर आईच्या हातचं खात नव्हती, आईजवळ झोपत नव्हती, आईनं हाक मारली की पलंगाखाली शिरायची. पाच वर्षांची पोर आणि तिची आई, मधे सात-आठ फुटांची खोली, आणि ती ओलांडता येत नव्हती. "मला माझी लेक परत द्या," रूपाली एके दिवशी शिवाजीच्या पायाशी बसून म्हणाली. "बाकी मला काही नको. तुमच्याच दिव्यानं झालंय ना हे? मग तुमच्याच दिव्यानं घालवा."

त्यानं विनोद आणि जागृतीच्या हातापाया पडून त्यांना पुन्हा शेडमध्ये बोलावलं. या वेळी पहिला दिवा वरचा. पिवळा, मऊ. सगळ्यांनी हात जोडले. रूपालीनं तर फुलीवर कपाळ टेकवलं. मग ती उठून उभी राहिली. वरचा उजेड तिच्या केसांपर्यंत आला, आणि तिथून जणू वाट वाकडी करून खाली गेला, जमिनीवरून वळला, आणि हनुवटीखालून तिच्या तोंडावर चढला. शिवाजीनं दुसरा लावला. तिसरा. बाजूचे, मागचे, होते नव्हते ते सगळे दिवे लावले. जेवढे दिवे वाढत गेले तेवढी ती जास्त भयाण दिसत गेली. विनोदनं कॅमेऱ्यावर झाकण घातलं आणि तोंड फिरवून उभा राहिला.

जागृती रडत होती. "दादा, बंद करा... हा सूर वहिनींचा नाही. त्यांच्या खालून येतोय. आणि आता... आता तो एकच सूर नाहीये."

ती गेली. पाठोपाठ विनोदही गेला. जाताना सामान आवरायलासुद्धा थांबला नाही. रूपाली फुलीवर उभी होती, आणि तिनं नवऱ्याकडे बघून हळूच विचारलं, "झालं का हो नीट?"

शिवाजीनं एकेक करून सगळे दिवे मालवले. त्या काळोखात तो तिच्याजवळ गेला, तिला मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडला. तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा तोच वास होता. पोटात काही घुमत नव्हतं. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, काळोखात वरून-खालून असं काही नसतंच की!

त्यानं खिडक्यांवरचं काळं कापड उतरवलं, घरी आणलं आणि भर दुपारी आपल्या खोलीची खिडकी, दार, पत्र्याची प्रत्येक फट बुजवून टाकली. आत काळोख केला. मग दीपाला कडेवर घेऊन आत नेलं.

"दीपा," काळोखातून हाक आली. "बाळा... ये की गं."

पोर त्याच्या कडेवरून घसरून उतरली, आणि शिवाजीला ऐकू आलं, दोघी हसत होत्या. रडत होत्या आणि हसत होत्या. किती दिवसांनी पोर आईच्या हातचा वरणभात खात होती, आणि भात भरवतानाची ती बांगड्यांची किणकिण ऐकून त्याला वाटलं, जिंकलो. उरलेलं आयुष्य काळोखात काढू, काय बिघडलं?

पंधरा दिवस तसे गेले. दीपाची शाळा थांबली, अंगणातलं खेळणं थांबलं. दिवस उजाडला कधी, मावळला कधी, दोघींना पत्ता नसायचा. शिवाजी लग्नाच्या मांडवांची कामं घ्यायचा, घरी आला की कापड बाजूला सारून आत शिरायचा, चाचपडत जेवायचा. शेजारी बोलणं टाकलं होतं, टाकू देत. दीपा आता रडत नव्हती. भीत तर मुळीच नव्हती. हाक मारली की काळोखातून सरळ येऊन त्याला बिलगायची, कशालाही न अडखळता.

सोळाव्या दिवशी काम लवकर आटपलं. दुपारचा साडेबाराचा सुमार. तो चाळीत शिरला, आणि त्याच्या स्कूटरचा आवाज ऐकून दीपा कापड सारून आपणहून बाहेर आली. किती दिवसांनी उन्हात! "बाबा!" म्हणून दोन्ही हात पसरून ती धावत सुटली.

सूर्य डोक्यावर होता. तिच्या इवल्या नाकाची सावली तिच्या कपाळावर होती.

शिवाजीला सगळं माहीत होतं. हा नुसता उजेड आहे, ही आपली पोर आहे, आपण आत्ता हात पुढे करायचे, उचलून घ्यायचं, एवढं एकच काम आपल्याला या जन्मात उरलंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि त्याचा पाय मागे गेला. एकच पाऊल. एकच हो! त्यासाठी त्यानं पुढे ना देवाला, ना स्वतःला कधी माफ केलं.

दीपा थांबली. पसरलेले हात तिनं हळूहळू खाली घेतले. ती रडली नाही. एखाद्या मोठ्या बाईनं बघावं तसं तिनं बापाकडे बघून घेतलं, आणि वळून घरात गेली.

"दीपे! दीपे, अगं थांब..." तो धावला.

आतून, पार मागच्या मोरीतून, रूपालीचा आवाज आला. "कोण आलंय गं?"

"कोणी नाही, आई," दीपा दाराआडून म्हणाली.

आणि दार लागलं. शिवाजीचा हात दारावर पोचायच्या आत आतून कडी चढली, चौकटीच्या माथ्यावरची. ती कडी त्यानंच बसवली होती. पोरीनं चुकून लावून घेऊ नये म्हणून इतकी उंच, की ती लावायला त्यालासुद्धा टाचा उंचावाव्या लागत.