शेठचं शिळं पाणी

ज्या दिवशी ती गेल्याची बातमी आली, त्या दिवशी मोरीत लाल बादली भरलेली होती.

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण जे घडलं ते भर दुपारी घडलं, आणि घरात दोन माणसं जागी होती.

घर एका टेलरचं. सगळे त्याला मास्तर म्हणत. बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी, माशांची काचेची टाकी होती. टाकी बायकोची. आत एकच म्हातारा गोल्डफिश, पोट सुटलेला. तिने त्याचं नाव ठेवलं होतं शेठ.

लाल बादली फक्त शेठची. तिच्यात ती नळाचं पाणी भरायची, वर स्टीलचं ताट झाकायची आणि दुसऱ्या दिवशीच टाकीत ओतायची.

"अहो, नळाच्या पाण्यात औषध असतं," ती सांगायची. "रात्रभरात उडून जातं ते. ताजं माणसांना, शेठना शिळंच."

मास्तर मान डोलवायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या सकाळी बादली भरून ती बाहेर पडली. "फिल्टरचा स्पंज पार कुजलाय. नवा घेऊन येते."

बसस्टॉपवर कोसळली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मास्तर कुणाच्या तरी पँटला काज करत होता.

मग घर पाहुण्यांनी भरलं. बादलीतल्या पाण्याने कुणीतरी पाय धुतले. पुढे त्या बादलीत कपड्यांचे चिमटे पडले.

टाकी हिरवी झाली. शेठ तळाशी बसून राहू लागला. त्याने खाणं सोडलं.

मेहुणी भेटायला आली तेव्हा तिला बघवेना. "भावोजी, ताईच्या मागे एवढा एकच जीव राहिलाय या घरात."

"का? मी नाही का?"

"तुमचं काय खरं! आरशात बघितलंत का? शेठ बरा दिसतो तुमच्यापेक्षा."

कितीतरी दिवसांनी मास्तर हसला. मग बाह्या सरसावून उठला. आज शेठला वाचवायचंच. टाकी पूर्ण रिकामी करायची, साबणाने घासायची, नळाचं ताजं पाणी भरायचं.

तिने जे कधीच केलं नव्हतं, नेमकं तेच.

त्याने टाकीच्या पंपाचं बटण बंद केलं.

गुरगुर थांबली. बुडबुडे थांबले. घर एकदम... मुकं झालं.

मास्तर मोरीत गेला. टबात साबणाची पूड टाकली. नळाला हात लावला, आणि...

बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

सूऽऽ... कुणीतरी नळी तोंडाने ओढत होतं.

मग, "थू!"

मग बादलीत पाण्याची बारीक धार.

टाकीतलं पाणी काढताना ती हेच करायची. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. पाणी आलं की थुंकायची आणि स्वतःशीच हसायची.

"अगं, तोंडाने कशाला ओढतेस?" मास्तर ओरडला. "घाण आहे ते पाणी!"

"काय ओढते?" मेहुणीचा आवाज त्याच्या पाठीमागून आला. स्वयंपाकघरातून. "मी चहा ठेवलाय इकडे."

मास्तरचा हात नळावरच राहिला.

धार पडतच होती.

दोघं बाहेरच्या खोलीत आले. खोलीत कुणी नव्हतं. दाराची कडी आतून लागलेली.

नळी टाकीत होती. घाण पाणी निळ्या बादलीत पडत होतं. टाकी पावभर, म्हणजे चौथा हिस्सा, रिकामी झाली...

आणि नळी उचलली गेली. हळूच. टाकीबाहेर आली आणि जमिनीवर पडली.

पावभरच. ती त्याहून जास्त पाणी कधी काढत नसे.

"भावोजी..." मेहुणीने त्याचा दंड धरला. "ती बादली तुम्ही भरलीत?"

मशीनच्या स्टुलावर लाल बादली होती. वर स्टीलचं ताट. चिमटे खाली, एका बाजूला नीट काढून ठेवलेले.

मास्तरने ताट सरकवलं. बादली काठोकाठ भरलेली. त्याने बोटं बुडवली. नळाचं पाणी त्या दिवसांत बर्फासारखं गार यायचं. हे तसं नव्हतं.

शिळं होतं.

मेहुणी रडायला लागली. मास्तर रडला नाही. तांब्या घेऊन तो ते पाणी हळूहळू टाकीत सोडू लागला, ती सोडायची तसं, काचेच्या कडेने. साबणाचा टब तसाच राहिला. पंपाचं बटण पुन्हा चालू केलं.

संध्याकाळी शेठ वर आला. दाणा खाल्ला.

तेव्हापासून पाणी मास्तरच बदलतो. पावभर, शिळं. बादली आदल्या दिवशी तोच भरतो. पण कधीकधी भरायला जावं तर... ती आधीच भरलेली असते. ताट झाकून.

मेहुणी त्या घरात आता एकटी बसत नाही. मागच्या खेपेला जाताना मात्र ती नवा स्पंज देऊन गेली. "एवढं ताईचं राहिलेलं काम करून टाका, भावोजी. म्हणजे ती सुटेल."

स्पंज मशीनच्या खणात आहे, पिशवीतून न काढलेला. मास्तर खण उघडतो. बघतो. खण लावून टाकतो.

फिल्टरमधला जुना स्पंज अजून बदललेला नाही.