पाण्यातली हवा

त्या दुपारी आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला नसता, तर आज मी कोणाच्या घरात असते कोण जाणे.

आमचं शोभेच्या माशांचं दुकान. आमचं म्हणजे काकांचं. आईबाबा गेल्यावर काका-काकूंनी मला वाढवलं, आणि काकू गेल्यावर काका आणि मी एकमेकांना सांभाळत राहिलो. पुढे दुकान, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये काचेच्या टाक्यांच्या रांगा. हवेच्या पंपांची गुरगुर तिथे दिवसरात्र चालू असते. ती थांबली की आमच्या घरातलं झोपलेलं माणूससुद्धा दचकून उठतं.

ती थांबली तेव्हा मी एकटीच होते. काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले होते. बाहेर ऊन असं, की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. आधी सोनमासे वर आले. मग बाकीचे. सगळ्यांची तोंडं पाण्याच्या वरच्या कडेला टेकलेली, उघडमीट, उघडमीट… पाणी गार असलं की त्यात हवा भरपूर विरघळते. तापलं की तीच हवा पाण्यात राहत नाही, निघून जाते. त्यात पंप बंद. बॅटरीवरचा एक होता, तो एका टाकीला पुरला. बाकीच्या टाक्यांत काकांनी पिल्लांपासून वाढवलेले मासे श्वासाला तरसत होते, आणि माझ्या हातात एक मग होता.

बर्फ शोधायला म्हणून मी रस्त्यावर धावले, तर दारातच एक टेम्पो उभा. मागचं चाक बसलेलं. एक माणूस जॅक लावत होता, आणि गाडीवरच्या गोणपाटांतून पाणी ठिबकत होतं.

"बर्फ आहे का हो हा?"

"आहे. पण विकायचा नाही, एका लग्नाच्या हॉलवर पोचवायचाय."

"माझे मासे मरतायत."

त्याने वर पाहिलं. मी कशी दिसत असेन देव जाणे—केस सुटलेले, कोपरापर्यंत ओली. त्याने जॅक खाली ठेवला आणि विचारलं, "किती लाद्या?"

एवढंच. कसले मासे, कोण तुम्ही, मालक काय म्हणेल—काही नाही.

खांद्यावर गोणपाट, गोणपाटावर लादी, असा तो शेडमध्ये आला आणि थेट टाकीत सोडायला निघाला. मी त्याच्या दंडालाच धरलं. "थांबा."

"मी थांबेन. हा थांबणार नाही," तो म्हणाला. लादीचं पाणी त्याच्या मानेवरून शर्टात उतरत होतं.

"एकदम गार झालं तर मासे दगावतील. पिशवीत बांधून टांगायचा, हळूहळू. शिवाय तुमच्या पाण्यात क्लोरीन असेल."

"असेल. आणि हवा नसेल." त्याने लादी खाली ठेवून तिच्या पोटातल्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही बघा. पाण्यात विरघळलेली हवा. गोठताना पाणी हिला बाहेर ढकलतं, आणि वाट मिळाली नाही की ही मधेच अडकते. वितळल्यावर जे पाणी येतं, त्यात हवा जवळजवळ नसतेच."

"मग गारवा तुमचा," मी म्हणाले, "हवा मी घालते."

"ती कशी?"

मी मग भरला, हात उंच केला आणि पाणी धार धरून परत टाकीत सोडलं. पडताना ते हवा घेऊन जातं. त्याने बाही वर केली आणि कोपऱ्यातली बादली उचलली.

बर्फ फोडला, पिशव्या भरल्या, टाकीटाकीत टांगल्या. आणि मग आम्ही पाणी ओतत राहिलो. शेजारचे शिंपीकाका मशीन सोडून आले, तेही ओतू लागले. भर उन्हात आम्ही तिघं भिजलेले.

"हात दुखले तर सांगा," तो म्हणाला.

"दुखतायत."

"मग?"

"मग काही नाही. सांगा म्हणालात, म्हणून सांगितलं."

तो हसला, आणि त्याची धार टाकीऐवजी माझ्या पायावर पडली.

संध्याकाळी वीज आली. थोडे मासे गेले. बाकीचे सगळे खाली उतरून शेपट्या हलवत फिरायला लागले. मला रडू फुटलं. आभार मानायला शब्द जुळवत होते, तर तो म्हणाला, "आभार कसले, उन्हात तो बर्फ गटारातच वाहून जाणार होता." चाक बदललं आणि गेला. डोळ्याला पट्टी लावून काका आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "नाव काय त्याचं?"

मी विचारलंच नव्हतं.

टेम्पोवर बर्फाच्या कारखान्याचं नाव होतं, तेवढं आठवत होतं. तीनचार दिवसांनी मी तिथे गेले, काचेच्या बरणीत एक लाल फायटर मासा घेऊन.

आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. बाहेर भट्टी, आत हिवाळा. अमोनियाचा नाकात जाणारा वास, ओली भिंत, पायाखाली लाकडी फळ्या. तो यंत्रांजवळ होता. टेम्पो चालवणं हे काही त्याचं काम नव्हतं, त्या दिवशी ड्रायव्हर रजेवर होता इतकंच. मशीन सांभाळणारा तो.

"हा तुमच्यासाठी," मी बरणी पुढे केली. "पाण्याच्या वर येऊन हवेतूनही श्वास घेतो. वीज गेली तरी काळजी नाही."

त्याने बरणी दोन्ही हातांनी घेतली. बराच वेळ बघत राहिला. "मला कोणी जिवंत काही दिलं नव्हतं कधी," तो म्हणाला. मग स्वतःच ओशाळला आणि मला कारखाना दाखवायला लागला.

"ह्या फळ्यांखाली खारं पाणी आहे. शून्याच्या खाली गेलंय, तरी गोठत नाही. मीठ विरघळलंय ना. त्यात साध्या पाण्याचे डबे बुडवायचे, ते गोठतात."

"मग आणखी मीठ घाला, आणखी गार करा."

"पाण्याला झेपेल तेवढंच झेपतं. जास्तीचं सगळं तळाशी बसून राहतं, आमच्या मालकासारखं."

मी हसले, तशी माझ्या तोंडातून वाफ निघाली. तो त्या वाफेकडे बघत होता. मी पाहिलं, तर नजर एकदम यंत्राच्या काट्याकडे…

मग त्याने एक लादी काढून दाखवली, स्वच्छ, काचेसारखी. गोठताना तो त्यात नळीने हवा सोडत राहायचा. पाणी हलतं राहिलं की बुडबुडे निसटतात, पोटात पांढरं राहत नाही. "मालक म्हणतात, फुकट मेहनत. शेवटी वितळणारच आहे." त्याने लादी उभी केली. मी पलीकडून वाकून पाहिलं—त्याचा चेहरा थोडा लांबट, थोडा हलणारा. तोही वाकला. दोघांनीही मान वळवली नाही. लादीला मात्र घाम फुटला होता.

त्यानंतर तो दुकानात यायला लागला. मासा खात नाही. मासा फार खातो. मासा कोपऱ्यात तोंड घालून बसलाय, रुसला असेल का? एकदा बरणी घेऊनच आला. काकांनी नवीन डोळ्याने आधी माशाला न्याहाळलं, मग त्याला.

"मासा ठणठणीत आहे," काका म्हणाले. "मालकाचं बघायला हवं."

मीही जात होते. जाताना हात रिकामे नसायचे. कधी चहाचा थर्मास, कधी लोकरीचे हातमोजे, खोकला झाला तेव्हा औषध. आणि दर वेळी तेच, "तुम्ही त्या दिवशी होतात म्हणून…" मला खरंच तसं वाटायचं. सकाळी शेडचं दार उघडलं, सगळे मासे माझ्याकडे झेपावले, की मनात पहिला तोच यायचा.

हातमोजे दिले त्या दिवशी तो हसला नाही.

"तुम्हाला एक विचारू? हे सगळं तुम्ही मला देताय, की त्या दुपारला?"

"म्हणजे?"

"म्हणजे… त्या दिवशी दुसऱ्या कोणाचं चाक बसलं असतं, तर आज हे मोजे त्याच्या हातात असते. नाही का?" त्याचा आवाज हळू होता, त्यामुळे जास्तच लागला. "मला तुम्हाला काही विचारायचंय. पण तुम्ही हो म्हणालात, तर ते उपकारापोटी आहे की काय, हे मला कधीच कळणार नाही. त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

कदाचित त्याचं खरं असेल, असं वाटलं. मी मागच्या वेळी राहिलेला थर्मास उचलला आणि निघून आले.

तो यायचा थांबला, मी जायची थांबले. मी टाक्या घासत राहिले. घासलेल्याच परत घासल्या. शेवटी काकांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

"काय झालं?"

मी सांगितलं. सगळं.

काका स्टुलावर बसले. "तुझ्या काकूचे मी रोज आभार मानायचो. तोंडाने नाही, पण मानायचो. जेवण वाढताना, दुखण्यात उशाशी बसायची तेव्हा, तुला मांडीवर घेऊन भरवायची तेव्हा. म्हणून तिच्यावर माझा जीव नव्हता?"

मी ब्रश परत घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिला नाही.

"हे बघ, नुसते आभार असले की ते मानून होतात. माणूस मोकळा होतो, घरी येतो. तुझं काय होतं?"

"पाय निघत नाही, काका."

"मग इथे काय करतेस?"

मी तशीच निघाले, हातात काही न घेता. कारखान्यात तो फळ्यांवर वाकून डबा वर ओढत होता. मला बघून सरळ झाला.

"शिंपीकाकांनीही त्या दुपारी पाणी ओतलं होतं," मी धापा टाकत म्हणाले.

"हो. का?"

"त्यांचे मी एकदा आभार मानले. एकदाच. त्यांच्यासाठी मी हातमोजे विणले नाहीत. त्यांना खोकला झाला, तेव्हा माझी झोप उडाली नाही." श्वास पुरत नव्हता. "आभार आहेत. ते राहणारच, जन्मभर. मी ते काढून कुठे ठेवू? पण तू बोलतोस ते आवडतं मला. कोणी बघणार नसलं तरी तू स्वच्छ बर्फ काढतोस, ते आवडतं. आणि तू आला नाहीस की दुकान भकास वाटतं… त्यात उपकार कुठे आला?"

तो अगदी सावकाश म्हणाला, "'तू' म्हणालीस मला."

"हो."

"पुन्हा म्हण."

"आधी तू विचार. जे विचारायचं होतं ते."

त्याने विचारलं. फळ्यांखाली पाणी घुमत होतं, यंत्र धडधडत होतं, त्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही. पण मी हो म्हणाले. त्याने माझे हात हातात घेतले. त्याच्या हातात मोजे होते, माझेच. ते त्याने काढले आणि परत हात धरले. थंडगार होते. मग नव्हते.

काकांना तोच विचारणार, असं ठरलं. येताना म्हणे वाटेत वाक्यं पाठ करत आला होता. काका मोठ्या टाकीचं पाणी बदलत होते. त्याने "काका, मला तुमच्याशी—" म्हटलं, तोच काकांनी पाइपचं टोक त्याच्या हातात दिलं. "हे बादलीत धर."

त्याने धरलं. बादली भरत होती, आणि तो बोलत होता. माझा पगार एवढा, माझं घर असं, आईवडील नाहीत, व्यसन नाही. मी दाराआड. काका टाकीची काच पुसत ऐकत होते.

"तिने मला सांगितलंय सगळं," काका म्हणाले. "त्या दिवशी तू कोणाचा बर्फ, कोणाचे मासे, असं विचारत बसला असतास तर माझी जन्माची मेहनत गेली असती. पण पोरगी मी तुला त्यासाठी देत नाही. ती तुझ्याकडून आली की गुणगुणत असते. काकू गेल्यापासून हे घर गुणगुणलं नव्हतं."

"मी तुमचा फार आभारी आहे, काका," तो म्हणाला.

"हो, हो. पण पाइप सोडू नकोस, सगळीकडे पाणी होईल."

त्याने सोडला नाही. त्याचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी दाराआडून बाहेर आले, काकांसमोरच, आणि पुसले.