दोघांनी उघडलेली फाईल

काम म्हटलं तर एका ओळीचं होतं. धाकट्यानं सर्व्हरच्या खोलीत बसायचं, संगणक वापरणाऱ्यांच्या खात्यांच्या फाईलमधून थोरल्या भावाची ओळ खोडायची आणि घरी जायचं. दादा जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. पण गेलेल्या माणसाचं खातं औषधांच्या गोदामात चालू ठेवत नाहीत.

"तुला जड जात असेल तर बाहेरून कुणाला बोलावते," दारात उभ्या असलेल्या मॅनेजरबाई म्हणाल्या.

"नको. परक्यानं का पुसायचं त्याला? मीच करतो."

शाळेशी त्याचं कधी पटलं नाही. हे काम दादानंच कान पिळून शिकवलं होतं. "ही फाईल थेट उघडायची नाही, उतावळ्या! ह्या कमांडनं उघड, म्हणजे आधी कुलूप लागतं. एका वेळी एकच माणूस आत. दोघं घुसले, तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचं खरं. दुसऱ्याचं सगळं पाण्यात."

त्यानं कमांड दिली. उत्तर आलं: फाईल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे.

"बाई, आत तुम्ही आहात?"

"मी? अरे, माझा पासवर्डसुद्धा तुझे दादाच बदलून द्यायचे."

ही फाईल उघडता येणारे दोघंच होते. एक तो. दुसरा...

थंड हवेच्या यंत्राची घरघर चालू होती. तापलेल्या धुळीचा वास येत होता. दादाच्या वेळचं कुलूप राहून गेलं असेल, म्हणून त्यानं तपासलं. कुलूप आत्ताचंच होतं.

डोकं चालेना, आणि डोकं थांबलं की त्याचा हात पुढे धावायचा. त्यानं कुलूप उडवलं, फाईल थेट उघडली, दादाची ओळ खोडली, सेव्ह केली. मग कीबोर्डवर कपाळ टेकून हुंदका गिळला.

खात्रीसाठी फाईल पुन्हा उघडली. दादाची ओळ जागच्या जागी होती. नाहीशी झाली होती ती त्याची स्वतःची.

"माझ्यानंतर कुणीतरी सेव्ह केलंय..." तो पुटपुटला. "मला काढलंय."

दादानं? रागानं? की लहानपणी घरात भांडण पेटलं की धाकट्याला बाहेर ढकलून तो स्वतः आतून कडी लावायचा, तसं? रडावं की पळावं, त्याला कळेना.

त्यानं पडद्यावर नवी खिडकी उघडली. जिथे एरवी त्याचं नाव यायचं, तिथे मशीननं लिहिलं: मला नाव नाही.

"ओळ गेली की... असंच येतं," तो म्हणाला. बाईंना की स्वतःला, कोण जाणे. सिस्टीममध्ये आत्ता कोण कोण आहे, ते त्यानं विचारलं. एकच नाव आलं. दादाचं. आणि जागा? हाच पडदा. हाच कीबोर्ड.

"बाई... हे बघा ना जरा."

बाई पुढे आल्या नाहीत. पडद्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दाराची कड घट्ट धरून त्या त्याच्याच तोंडाकडे बघत होत्या.

"तुम्ही..." त्यांचा आवाज जेमतेम फुटला. "तुम्ही कधी आलात? आत्ता इथे... तुमचा धाकटा बसला होता..."